एकशे चौदा दात

आज रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५. समोरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली आहेत आणि मी दोन्ही हातांनी कागद धरून उभा आहे. एका हातानं धरला तर वाऱ्यानं उलटतो, म्हणून.

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सुतार कारागीर मंडळाचेही अध्यक्ष, आदरणीय भाऊसो सुतार, म्हणजे आपले अण्णा. प्रमुख पाहुण्या, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत लाकूडकाम शिकवणाऱ्या आदरणीय प्रियदर्शनी मॅडम. मंडळाचे चिटणीस धैर्यशीलदादा. ज्यांच्यासाठी आपण आज रंधे खाली ठेवून इथं जमलो ते सत्कारमूर्ती, करवतीला धार लावणारे बादशहा शिकलगार, म्हणजे आपले चाचा. पहिल्या रांगेत बसलेल्या बिबीजानचाची, त्यांच्या कन्या तमन्नाताई. आणि समोरच्या सर्व कारागीर बंधूंनो आणि भगिनींनो, आपणा सर्वांना माझा जय भीम, नमस्कार आणि सलाम.

माझं नाव प्रसेनजीत कुरणे. शिक्षण आठवी पास. नववीत असताना शाळा सुटली, का सुटली तो आजचा विषय नाही. गंगावेशीतल्या चाचांच्या दुकानात बाकड्याच्या डाव्या अंगाला जो बसतो, तो मी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला बसलेलाच बघितलं आहे, त्यामुळे उभा राहिल्यावर ओळख पटायला वेळ लागला असेल.

धैर्यशीलदादांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. काल ते मला म्हणाले, "प्रसेन, बोल चांगलं, पण लोकांना रडवू नकोस. रडल्यावर माणसं जेवत न्हाईत, आन तीनशे माणसांचं जेवान सांगितलंय." मी त्यांना म्हणालो, दादा, ती काळजी सोडा.

ती काळजी खरोखरच सोडावी. अशा प्रसंगी "माझं मन भरून आलं आहे" असं म्हणायची रीत आहे. मीसुद्धा कागदावर ते वाक्य लिहिलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, बरोबर होतं. मग वाक्य खोडलं, कारण ते खरं नव्हतं. बुधवारपासून मला काही वाटतच नाही. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. चहा घेतो, तो गोड आहे की अगोड ते कळत नाही. काल सायकलवरून जाताना एका रिक्षावाल्यानं मला आईवरून शिवी दिली, मी थांबून त्याला "बरं" म्हणालो. तोच घाबरला. हे असं का झालं ते मी सांगणार आहे. पण आधी ज्यांचा सत्कार आहे त्यांच्याविषयी बोलणं हे माझं कर्तव्य आहे.

चाचांनी सेहेचाळीस वर्षं या शहरातल्या सुतारांच्या करवतींना धार लावली. फक्त करवतीला. कात्री, विळी, सुरी घेऊन कुणी आलं तर ते म्हणत, "पावणं, पलीकडं जावा. त्येला धार लागती. करवतीला दात लागत्यात." धार आणि दात यांतला फरक मला कळायला एक वर्ष गेलं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो शिकायला नाही. अकरा वर्षांपूर्वी मी एका ठेकेदाराकडे दारांच्या चौकटी करत होतो आणि माझी करवत मी घरीच घासली होती. काप सरळ जात नव्हता. रेघेवर सुरू करायचा आणि वीतभर गेलं की करवत डावीकडे निघून जायची. चाचांनी ती हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, आणि दुकानातल्या चार माणसांदेखत मला विचारलं, "पावणं, ही करवत हाय का म्हस? एकाच अंगाला पळती की!" सगळे हसले. मी म्हणालो, "घासली तर चांगली आहे." ते म्हणाले, "घासलीसा, पर सगळी एकाच बाजूनं. अर्ध्या दातांस्नी जेवायला वाढलंसा आन अर्ध्यांस्नी उपाशी ठेवलंसा. मग भांडण हुनारच."

समोर बसलेल्यांपैकी काही जण, विशेषतः पाहुणे, सुतार नाहीत. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. करवत उलटी, दात वर करून शिकंज्यात धरायची. आधी सपाट कानस सगळ्या दातांच्या डोक्यावरून फिरवायची, म्हणजे उंच-ठेंगणा कोण ते कळतं. मग एक दात किंचित डावीकडे, पुढचा उजवीकडे, असे वळवत जायचं, म्हणजे पातं लाकडात अडकत नाही. मग त्रिकोणी कानस घ्यायची. एक दात सोडून एक घासत शेवटापर्यंत जायचं. मग करवत फिरवायची आणि राहिलेले दात दुसऱ्या बाजूनं घासत यायचं. मी नेमकी ही फिरवाफिरवी केली नव्हती. प्रत्येक दाताला कानशीच्या तीन फेऱ्या. पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. सोपं आहे. ऐकायला.

आता कुणी म्हणेल, हल्ली हाताची करवत वापरतो कोण? बॅटरीचं मशीन आलं. निळ्या दातांची तयार करवत मिळते, बोथट झाली की फेकून द्यायची, तिला कानस लागतच नाही. हे सगळं खरं आहे. तरी मंडळाच्या वहीत अजून त्रेसष्ट सुतारांची नावं आहेत ज्यांची करवत चाचांच्या दुकानात येते. त्यातली काही वापरासाठी येत नाहीत, हेही मला माहीत आहे. अण्णा, क्षमा करा, पण तुमची करवत दर महिन्याला येते आणि तिला भुसा लागलेला मी पाच वर्षांत बघितलेला नाही. करवत टेकवायची, चाचांशी तासभर राजकारण बोलायचं, आणि जाताना म्हणायचं, "बोथाट झालीया बघ, बादशहा." चाचा म्हणायचे, "व्हय व्हय, बोलून बोलून झालीया."

मी त्यांच्याकडे राहिलो. कसा राहिलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. करवत न्यायला गेलो तर ते म्हणाले, "बस, दुसरी बाजू तूच घास." मी बसलो.

माझी एक सवय आहे, तिच्याविषयी आज सांगणं भाग आहे. माझा माझ्या डोक्यावर विश्वास नाही. म्हणून दुकानात करवत आली की तिला कानस लावायच्या आधी मी वहीचं पान तिच्या दातांवर ठेवतो आणि वरून शिसपेन्सिल घासतो. दात जसेच्या तसे कागदावर उमटतात. बाजूला मालकाचं नाव, तारीख, दातांची संख्या. आणि जिथं दात वाकडा, तुटका, लहान-मोठा असेल तिथं तांबड्या शाईनं गोल करून "चूक" असं लिहितो. मग ती चूक दुरुस्त करतो. अशा चौदा वह्या झाल्या आहेत. चाचा याला हसायचे. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "जरा थांबा, आमचा तलाठी करवतीचा सातबारा काढतोय."

एकदा त्यांनी मला विचारलं, "प्रसेन, कुठल्या करवतीत चूक न्हाय असं झालंय का रं कवा?"

मी वह्या चाळून बघितल्या आणि म्हणालो, "नाही."

"मग सगळीच चुकीची म्हन की. म्हंजे चुकीची कुठलीच न्हाय."

मला तेव्हा वाटलं, ते गंमत करत आहेत.

आता डोळ्यांचं सांगतो. चाचांना काचबिंदू आहे. हे आता सर्वांना माहीत आहे, म्हणून तर आजचा कार्यक्रम आहे. पण तो दोन वर्षांपासून आहे, हे बिबीजानचाची सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसत होतो. ते दात अंगठ्यानं चाचपून घासायचे, मला वाटायचं सवय आहे. गिऱ्हाइकाला आवाजावरून हाक मारायचे, मला वाटायचं स्वभाव आहे. काप कसा पडायला पाहिजे ते गिऱ्हाइकाला स्वतःच्या करवतीनं तुकड्यावर घेऊन दाखवायचे, तोही सरळ. ज्या माणसाला दिसत नाही तो रेघेवर सरळ कापेल कसा? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. तमन्नाताईंनी ठरवलं की अब्बा आणि अम्मींना कुरुंदवाडला आपल्या घरी न्यायचं. चाचांनी बऱ्यापैकी वाद घातला. शेवटी एका अटीवर तयार झाले. म्हणाले, "माझी करवत संगं येनार. तुझ्या परड्यात बाभळीचं लाकूड पडलंय न्हवं? बसून कापत ऱ्हाईन. आयतं खाऊन बसनार न्हाय."

चाचांची स्वतःची करवत म्हणजे काय, ते सुतारांना सांगायला नको. बावीस इंची, त्यांच्या वडिलांच्या हातची. वडील वापरायचे तेव्हा पातं पाच बोटं रुंद होतं म्हणतात. आता मुठीकडे दोन बोटं आहे आणि शेंड्याला दीड. बाकीचं पोलाद गेलं कुठं? कानशीनं खाल्लं. करवतीला धार लावायची म्हणजे तिला थोडं थोडं संपवायचंच असतं, दुसरा मार्ग नाही. अकरा वर्षांत त्या करवतीला मी हात लावलेला नव्हता. खंडेनवमीला आम्ही दुकानातली सगळी हत्यारं मांडून पूजा करायचो, तेव्हाही ती करवत चाचा स्वतः मांडायचे आणि स्वतः उचलायचे.

तीन तारखेला, सोमवारी, त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "जायच्या आधी हिला धार लाव. आता मला दातांचं टोक दिसत न्हाय. तू लाव." एवढंच.

धैर्यशीलदादांना हे समजलं तेव्हा त्यांनी मखमलीची पेटी करून घेतली, आजच्या सत्कारात करवत त्या पेटीतून चाचांच्या हाती द्यायची म्हणून. ती बघा, टेबलावर हारांच्या बाजूला आहे. पेटी चाचांच्या हाताला लागली तेव्हा ते म्हणाले, "मखमल कशाला रं? करवत हाय का नवरी?" पेटीशेजारी ताटात दुकानाची किल्ली आहे. ती आज अण्णांच्या हस्ते मला मिळायची आहे. म्हणजे बाकडं, शिकंजा आणि त्रेसष्ट सुतारांचं काम माझ्याकडे. कार्यक्रमपत्रिकेत अनुक्रमांक सात.

अनुक्रमांक सातच्या आधी मला हे सांगितलं पाहिजे. इथून पुढचं कागदावर नाही.

मंगळवार, दिनांक ४ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. चाचा असरच्या नमाजाला गेले होते आणि तिथून परस्पर घरी जाणार होते. मी वहीचं पान करवतीवर ठेवून पेन्सिल घासत होतो. उमटलेले दात मोजले. एकशे चौदा. बावीस इंचाला इतके का, म्हणून नीट बघितलं. शेंड्याकडच्या चार बोटांत एकोणीस दात होते, बारीक, दाटीवाटीनं बसलेले. तिथं पंधराच पाहिजेत. मुठीजवळ एक दात तुटका. आणि दातांची रेघ सरळ नाही, मध्ये पोट आल्यासारखी फुगीर. मी तांबडी शाई घेतली आणि गोल केले. एकोणीस आणि एक वीस, आणि पोटाचा एक. एकवीस चुका.

मला वाटलं, नजर गेली म्हणून त्यांच्याकडून हे असं झालं असणार. दात घासता घासता चुकत गेले असणार आणि त्यांना दिसलं नसणार. त्या वेळी मला चाचांची कीव आली. ही गोष्ट कुणाला कळली नसती, पण सांगतो. मला त्यांची कीव आली आणि मी त्यांची करवत सुधारली.

सपाट कानशीनं पोट काढून रेघ सरळ केली. शेंड्याचे एकोणीस दात घासून टाकले आणि तिथं बाकीच्यांसारखे पंधरा पाडले. बाकीचे खाली आल्यावर तुटका दातही बरोबरीला आला. मग वळवणं, मग तीन-तीन फेऱ्या, करवत फिरवून पुन्हा तीन-तीन. अडीच तास लागले. मोजले, एकशे दहा. पानावर उमटवून बघितले. तांबडी शाई एकदाही लागली नाही. चौदा वह्यांत असं पान पहिलंच. मी ते पान बराच वेळ बघत बसलो.

बुधवारी सकाळी सागाचा तुकडा घेतला आणि काप घ्यायला गेलो. करवत उडाली. लाकडाच्या कडेवर मोठे दात ठेचकाळले आणि पातं घसरून माझ्या डाव्या अंगठ्यावर आलं. सकाळपासून सगळे विचारताय ना, अंगठ्याला पट्टी का? हे कारण. अंगठा बांधला आणि पुन्हा लावली. पुन्हा उडाली. कडेवर नीट बघून, रेघ धरून, अलगद लावली तेव्हा लागली. म्हणजे ज्याला दिसतं त्याला ती लागते.

मग मला चाचांचा हात आठवला. काप सुरू करताना ते डावा अंगठा उभा ठेवायचे, त्याला करवतीचा शेंडा टेकवायचे आणि बोटभर मागे-पुढे करायचे. तीनदा. बारीक दात कडेवर उडत नाहीत, हळूच खाच पाडतात. एकदा खाच पडली की करवत त्या खाचेत राहते, मग मोठे दात कामाला लागतात. आणि मधलं पोट? त्यामुळे एका वेळी थोडेच दात लाकडाला लागतात, हाताला जोर कमी लावावा लागतो. मी चूक म्हणून ज्याला गोल केला, त्याच जागेवरून चाचा दोन वर्षं न बघता कापत होते. रेघ ते बघतच नव्हते. ते दात रेघ शोधत होते.

आता ही करवत कुरुंदवाडला गेली तर चाचांच्या हातून ती लागणार नाही. लागली तर अंगठ्याला लागेल. ते परड्यात बसतील आणि बाभळीचं लाकूड तसंच पडून राहील. तेवढं एकच काम ते मागत होते.

मी बुधवारी सांगायला गेलो होतो. चाचा म्हणाले, "लागली का धार?" मी म्हणालो, "लागली." ते खोटं नव्हतं, पण ते सांगणंही नव्हतं. गुरुवारी पुन्हा गेलो, सामानाची बांधाबांध चालली होती, चाचींनी चहा दिला, मी पिऊन आलो. शुक्रवारी गेलो नाही. काल भाषण लिहिलं, त्यात हे लिहिलं नाही.

अण्णा, ती किल्ली मला देऊ नका. चाचा, तुमची करवत मी बिघडवली आहे. कुणाच्या सांगण्यावरून नाही, घाईतही नाही. सावकाश बसून, मोजून बिघडवली आहे.

धैर्यशीलदादा, मला दिसतंय तुम्ही हात करताय. दहा मिनिटं झाली असतील. पण चाचा उठून उभे राहिले आहेत.

चाचांच्या हातात माइक नाही. पाठीमागच्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून ते काय म्हणतात ते मीच सांगतो. ते म्हणतायत, "पेटी इकडं आन."

पेटी दिली. त्यांनी करवत बाहेर काढली. मखमल खाली पडली, राहू दे, मी नंतर उचलतो. ते मुठीकडून अंगठा फिरवत शेंड्याकडे निघाले आहेत. कृपा करून कुणी बोलू नका.

ते शेंड्याला पोचले. परत आले. परत शेंड्याला गेले.

ते म्हणतायत, "धार झकास लागलीया."

हसू नका, ते हसत नाहीयेत.

अण्णा त्यांना म्हणाले, "जाऊ दे बादशहा, माफ कर की त्याला. चांगल्यासाठीच केलंय त्यानं." आणि चाचा म्हणाले, "भाऊसो, माफ कराया काय हाय? कोन मेलंय का? करवतीचं काम हाय, ते करवतीवरच हुईल."

आता ते मला विचारतायत. "सातबारा काढलावतास न्हवं?"

हो चाचा. काढला होता. वही इथंच आहे, माझ्या पिशवीत.

"आधीचा? कानस लावायच्या आधीचा?"

हो, आधीचा.

"त्यावर तांबड्या शाईनं काय लिवलंस?"

चूक.

"किती?"

एकवीस.

"एकवीस! आरं तिच्या, इतक्या चुका तर माझ्या बायकोनं पन काढल्या न्हाईत!"

आता हसा, चाची हसल्या आहेत.

ते सांगतायत ते जसंच्या तसं सांगतो. "पोट माझ्या बाचं हुतं. ते त्यानं पाडलंवतं, मी नुसतं राखलं. ते गेलं. ते आता येनार न्हाय, पोलाद उगवत न्हाय. बारीक दात माझं हुतं. नजर जाया लागल्यावर पाडलं, एक-एक, सहा म्हैनं लागलं. ते तू परत पाड. कागद हाय तुझ्याकडं. शेंड्याला दीड बोट उरलंय, मी आत्ता बघितलं, दीडला बी जरा कमी. एक डाव हुईल. दुसरा डाव हुनार न्हाय. ध्यानात ठेव."

चाचा, माझ्याकडून पुन्हा चुकलं तर?

"तर मग खुरपं कर तिचं."

तमन्नाताई विचारतायत, "अब्बा, तवर तुमी कुरुंदवाडला काय करनार?"

"बसनार की. मला आता कुठं जायाचंय?"

आणि अजून एक सांगतायत. "कागद बघून माप घे. पर घासताना कागद बाजूला ठेव आन डोळं मिट. शेंडा अंगठ्याला लाव. उडली तर अजून न्हाय झालं. न्हाय उडली तर झालं. दिसायला कसं का असंना."

अण्णांनी ताट पुढं केलं आहे. चाचांनी ताट चाचपलं. किल्ली उचलली.

ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

म्हणतायत, "किल्ली करवतीसंगं बदली. तू करवत आन, मी किल्ली दितो. तवर दुकानाला कुलूप. त्रेसष्ट मान्सं आठ-पंधरा दिस बोथट करवतीनं कापतील, मरत न्हाईत."

आणि ते बसले. करवत त्यांनी माझ्या हातात दिली आहे, पेटीत नाही.

मी आता कागद धरू शकत नाही, कारण एका हातात करवत आहे. कागदाचा शेवटचा परिच्छेद तोंडपाठ आहे, तो म्हणतो.

हा मंडप ज्यांनी घातला, स्पीकर ज्यांनी लावला, तीनशे माणसांचं जेवण जे पहाटेपासून करत आहेत, ते सर्व. आपला रविवार देऊन आलेल्या प्रियदर्शनी मॅडम. मला बोलायची संधी देणारे अण्णा आणि धैर्यशीलदादा. आणि ज्यांनी माझं नीट ऐकून घेतलं ते आपण सर्व, यांचे मी मनापासून आभार मानतो. मनापासून हा शब्द मी खोडणार होतो. राहू दे. आत्ता, पाच दिवसांत पहिल्यांदा, अंगठा ठणकायला लागला आहे.

बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, अण्णांच्या करवतीविषयी बोलायला नको होतं ते बोललो असेन, तर लहान समजून पदरात घ्यावं. कार्यक्रमपत्रिकेत अनुक्रमांक सात आज होणार नाही, ती दुरुस्ती मी फलकावर करून घेतो.

शेवटी हिशेब सांगून थांबतो. सोमवारी हाती आले दात, एकशे चौदा. आज हाती असलेले, एकशे दहा. चाचांचं देणं, चार.